एक्स-२ आणि एक्स-३ची अखेर फारकत (जवळजवळ)

हवेतला ओलावा मोजायच्या माझ्या डब्यात क्वार्ट्झचे चार स्फटिक आहेत. टोपी कापून लेप दिला की लेप ओलावा शोषतो, वजन वाढतं आणि स्फटिकाची वारंवारता खाली सरकते. त्यातल्या एक्स-२ आणि एक्स-३चं बीट, म्हणजे दोघांच्या वारंवारतांमधला फरक, शून्याला चिकटायचं थांबलं! एक्स-२ला ओलावा दिला की एक्स-३ का हलतो, यावर "ओलावाच शेजारच्या स्फटिकापर्यंत पोचतोय" अशी पैज लावणाऱ्यांनी आता चहा पाजायचा. एक्स-३ची टोपी न कापता, कारखान्यातून आली तशी बंद ठेवली आणि फेव्हिकॉलचा पातळ थर दिलेल्या एक्स-२वर फुंकर मारली, तरी एक्स-३ हलला. बंद टोपीत ओलावा जातोय कुठून? म्हणजे गडबड विजेचीच. (आई दारातून: "दिवसभर काय फुकलालास रे त्या डब्यात?")

चारही १० मेगाहर्ट्झचे एटी-कट (क्वार्ट्झ कापायची एक ठरावीक पद्धत) स्फटिक मुद्दाम एकाच लॉटमधले घेतले होते, तापमानाचा सरकाव सारखा राहावा म्हणून. तोच सारखेपणा नडला. जवळजवळ समान वारंवारतेचे दोन ऑसिलेटर (स्फटिकाला कंपत ठेवणारी सर्किटं) एकाच ७४एचसीयू०४मध्ये, म्हणजे सहा इन्व्हर्टरांच्या आयसीत, बसले, की पुरवठा आणि ग्राउंडमधून एकमेकांना ओढतात आणि फार जवळ आले की कुलूपच लागतं, म्हणजे दोघं एकाच वारंवारतेवर चालतात. कुलूप निदान दिसतं तरी. त्याच्या अलीकडचा पट्टा जास्त बेरकी, कारण तिथं आकडा दिसतो, पण खोटा. अशा कुलपाचं ॲडलरचं १९४६चं सूत्र लावून बघा: खरा फरक ५० हर्ट्झ आणि कुलपाची मर्यादा (ज्याच्या आत फरक आला की कुलूप लागतं) ३० असेल, तर बीट ४०च दिसतं. १० मेगाहर्ट्झला १ हर्ट्झचा सरकाव म्हणजे स्फटिकावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.४ नॅनोग्रॅम वजन. त्या हिशेबानं १० हर्ट्झची चूक म्हणजे ४४ नॅनोग्रॅम हवेतून आले.

एकाच क्वार्ट्झच्या चकतीवर अनेक इलेक्ट्रोड बसवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्याकडं कंपनंच दगडातून शेजारी जातात, म्हणून इलेक्ट्रोडची जाडी आणि मधलं अंतर बघून कंपन जागीच कोंडावं लागतं. आपले तुकडे सुटे, तेवढं नशीब.

आता प्रत्येक स्फटिकाला स्वतंत्र आयसी, स्वतंत्र ७८एल०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर) आणि आयसीच्या पायाला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मध्ये तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे पडदे, ग्राउंडला झाळलेले. पत्रा आधी नुसता उभा केला होता, तेव्हा काडीचा फरक नव्हता. झाळल्याबरोबर दोघं सुटे झाले. कुलपाची मर्यादा तिशीवरून चार-पाच हर्ट्झवर आली. संध्याकाळी कूलर लावला की लेप दिलेले सगळे खाली सरकतात, पण आता आपापल्या चालीनं. ते बघत बराच वेळ नुसता बसलो होतो.

उरलेल्या चार-पाच हर्ट्झसाठी एका वेळी एकच ऑसिलेटर चालवायचा बेत होता. पण पुरवठा दिला की स्फटिक जरा तापतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि चौघांची पाळी येईतो हवाच बदलते. मग वारंवारताच वेगळ्या ठेवाव्या म्हणून १०.२४० आणि ११.०५९२ मेगाहर्ट्झचे स्फटिक घ्यायचं ठरवलं. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात छाप एक आणि वारंवारता दुसरीच निघाली, त्या दुकानाला रामराम. शिवाय संवेदनशीलता वारंवारतेच्या वर्गानं बदलते, म्हणजे प्रत्येकाचा हिशेब निराळा.

हे लिहिता लिहिता सुचलं: लॉट तोच ठेवून फक्त लोड कपॅसिटर (स्फटिकाच्या पायांना जोडलेले, वारंवारता थोडी हलवणारे) बदलले तर? सगळीकडं २२ पिकोफॅरड आहेत. एकाला १५, एकाला १० लावले तर ते वर सरकतील आणि आपसात किलोहर्ट्झच्या घरात अंतर पडेल. तिथं चार-पाच हर्ट्झचं कुलूप काय करणार? कपॅसिटर लहान म्हणजे तारांच्या भटक्या धारकतेचा त्रास वाढणार, पण वायरी आखूड केल्या की भागेल. ११.०५९२चा नाद सोडला.

हे जमलं की डब्यात सोयाबीन. मोंढ्यात १२ टक्के ओलाव्यावरून भाव पडतो, तेव्हा आपला डबा ११ आणि १३ मधला फरक दाखवतो का ते बघायचंय. तोवर कुणी पुण्याला चाललं असेल तर तापकीर गल्लीतून १० आणि १५ पिकोचे एनपीओ (तापमानानं जवळजवळ न सरकणारे) कपॅसिटर घेऊन या. साधे सिरॅमिक नकोत, इथल्या उन्हात ते फार सरकतात. पैसे लगेच पाठवतो.