पद्मिनीचा ओव्हरफ्लो: नीडल सुटली, एसी पंप सापडला

गरम झाल्यावर माझ्या पद्मिनीच्या कार्बमधून (कार्ब्युरेटर) पेट्रोल ओसंडायचं, त्याचा चोर सापडला. दोन होते, एक पकडला, दुसऱ्याचा पत्ता लागलाय.

कार्बला नवं किट (नवी नीडल आणि सीट) टाकल्याचं मागे लिहिलं होतं. त्यानंतर थंड गाडी एका सेल्फमध्ये घ्यायला लागली, पण फर्मागुडीचा चढ चढून वर पाच मिनिटं बंद केली की संपलं. घर्रघर्र, पेट्रोलचा भपकारा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की मग कुठे काळा धूर ओकत सुरू.

एअर फिल्टरचा डबा काढून, इंजिन बंद करून, टॉर्च मारून कार्बच्या घशात पाहिलं. वरच्या नळीच्या तोंडाशी थेंब जमतो, फुगतो, जरा थरथरतो आणि टपकन बटरफ्लायवर (घशातली उघडझाप करणारी चकती) पडतो. लगेच दुसरा. बटरफ्लायच्या कडेने ते सगळं खाली मॅनिफोल्डात. प्लग चारही काजळी फासल्यासारखे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आणि ऑइल वरच्या खुणेच्याही वर, म्हणजे पेट्रोल थेट खाली ऑइलच्या चेंबरपर्यंत उतरत होतं. ते ऑइल आधी काढून टाकलं. ओव्हरफ्लो होणाऱ्या गाडीची डिपस्टिक हुंगल्याशिवाय ती चालवूच नये, बेअरिंगं जातात.

इथे जो तो नीडलकडे (आतला तरंगणारा फ्लोट वर आला की कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) बोट दाखवतो. फोंड्यातल्या मेस्तांनी (मेकॅनिक) तर विषयच मिटवला, "कितें घेवन बसला रे, नवो कार्ब घाल!" नवा आणायचा कुठून? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, आता जो माल 'नवा' म्हणून विकतात तो पॉलिश मारलेला जुनाच असतो असं माझं स्पष्ट मत आहे. बटरफ्लायची स्पिंडल हलवून बघा, कळेल.

फ्लोट कडकडीत पाण्यात बुडवला, एक बुडबुडा आला नाही. पातळीही बरोबर. (नव्या मंडळींसाठी: सोलेक्समध्ये, म्हणजे पद्मिनीच्या या कार्बमध्ये, फ्लोटची जीभ वाकवत बसायचं नसतं, नीडल जिच्यात बसते त्या सीटखालच्या वायसरच्या जाडीवर पातळी ठरते.) मग बाटली लावली. पंपाची (एसी कंपनीचा, टाकीतलं पेट्रोल कार्बकडे ढकलणारा) नळी बंद करून बोनेटला पेट्रोलची बाटली टांगली आणि पाइप थेट कार्बला दिला. इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवलं, बंद केलं, आत पाहिलं. घसा कोरडा ठणठणीत! पण अर्ध्या मीटर उंचीवरच्या बाटलीचा दाब जेमतेम अर्धा पीएसआय. तेवढ्याला नीडल टिकते. म्हणजे पंप तिला किती दाबतो ते बघायला हवं.

पंपाच्या आणि कार्बच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज जोडला. शून्य ते दहा पीएसआयचा लो प्रेशर गेज घ्या, टायरचा इथे उपयोगाचा नाही. या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झालेली एकमेव वस्तू ती. आयडलिंगला काटा पाचाच्या पुढे! सोलेक्सला अडीच-तीन पुरे.

आता पंप नवा, मग दाब एवढा का? सोडवून पाहिला तर पंप आणि ब्लॉकच्या मध्ये बेकलाइटचा तुकडा आणि एकच कागदी पॅकिंग. गंमत अशी की हे पॅकिंग फक्त ऑइल अडवायला नसतं. कॅमवरची दांडी पंपाच्या लिव्हरला किती ढकलते ते त्याच्या जाडीवर ठरतं. पॅकिंग पातळ, तर दांडी जास्त बाहेर, डायफ्रामची स्प्रिंग जास्त दबते, दाब जास्त. जुना पंप काढणाऱ्याने त्याच्याबरोबर जाड पॅकिंगंही भंगारात टाकली असणार. मग पॅकिंगचा कागद कापून एकेक वाढवत गेलो. काटा साडेचारवर, मग चारच्या खाली, शेवटी तीनवर येऊन थांबला. दुपारचं जेवण राहिलं होतं, ते तेव्हा आठवलं.

आणखी एक सापडलं. किटातल्या सीटवर २.० कोरलंय, जुन्या काढलेल्या सीटवर १.५. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे त्याच दाबाला नव्या नीडलवर पावणेदोन पट जोर. १०८९ सीसीच्या इंजिनाला दीडचं भोक पुरून उरतं. जुनी सीट घासून-पुसून परत बसवली. किट विकणारे 'पद्मिनीला चालेल' म्हणतात, आकडा कुणी सांगत नाही. विचारून घ्या.

आता चालती गाडी फ्लड होत नाही. आयडलिंग असं की बॉनेटवर नाणं उभं राहील म्हणणार होतो, पण करून पाहिलं, पडतं.

राहिला दुसरा चोर. गरम गाडी बंद केल्यावरही गेज जोडलेलाच ठेवला, तर इंजिन बंद असताना काटा तीनवरून वर सरकत पुन्हा पाचापर्यंत! ब्लॉकच्या उष्णतेने नळीतलं पेट्रोल फुगतं, वाफ धरतं, मागे पंपाचा व्हॉल्व्ह बंद, मग जायला वाट एकच: नीडल ढकलून कार्बमध्ये. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून हे वाढलंय असं मला वाटतं. यावर डिकीत इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की त्याने काही सुटणार नाही. ब्लॉकजवळची नळी गरम व्हायची ती होणारच. जुन्या मारुती ८००ला पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन असते, तशी इथे द्यायची: कार्बच्या अलीकडे टी, त्यात एक मिलिमीटरचं जेट, आणि तिथून नळी टाकीकडे. बंद झाल्यावर दाब तिकडे उतरेल, चालू असताना गार पेट्रोल फिरत राहील. इलेक्ट्रिक पंपाची ऑर्डर रद्द.

नळी मात्र इथेनॉलला टिकणारीच घेणार. वरून कापडी जाळी असलेली नको, आतली भेग दिसतच नाही.

प्रश्न टाकीचा. रिटर्नची नळी जोडायला निपल ब्रेझ करायचं, म्हणजे पितळेचा डाग द्यायचा, तर टाकी उतरवून, धुऊन, पाण्याने भरून मगच आग जवळ न्यायची, आणि डिचोलीत ते काम करणारा एकच जण माहीत आहे, तोही चतुर्थीपर्यंत मोकळा नाही. त्यापेक्षा पेट्रोल भरायच्या गळ्याच्या रबरी तुकड्यात टी घातला तर? कुणी केलंय का? केलं असेल तर वळणावर वास येतो का तेवढं सांगा.