भक्ती, लक्ष्या आणि कोजागिरीचं दूध

१७ ऑक्टोबर २०२४, रात्रीचे पावणेएक (म्हणजे तारीख नुकतीच बदललीये, पण माझ्यासाठी अजून कोजागिरीच आहे)

झोप येत नाहीये. दोन ग्लास मसाला दूध प्यायल्यावर कुणाला येते म्हणा. पातेलं भिजत घातलंय, तळाला लागलंय चांगलंच, ते सकाळचं सकाळी.

गेला आठवडा काय विचित्र होता. बुधवारी रात्री रतन टाटा गेले, आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचे डीपी काळेपांढरे. शनिवारी दसरा, मग त्याच काळ्यापांढऱ्या डीपीखाली आपट्याची पानं आणि सोनं घ्या सोन्यासारखे राहा. आणि सोमवारी अतुल परचुरे. परत हात जोडलेले, परत भावपूर्ण श्रद्धांजली, परत कधीही भरून न येणारी पोकळी. आमच्या एका काकांनी तर दसऱ्याच्या आधीचाच मेसेज नाव बदलून पाठवला असणार, कारण खाली 'उद्योगजगतातील' हा शब्द तसाच राहिलेला. कुणी काही बोललं नाही. मीपण हात जोडले आणि पुढे गेले.

मी स्टेटस ठेवलं होतं परचुरेंचं. कुणाच्या तरी स्टेटसवरून घेतलेला फोटो, खाली 'अजून जायला नको होतं' एवढंच. वय ५७ फक्त. कॅन्सरबद्दल ते स्वतःच मोकळेपणी बोलले होते, बरे होऊन परत नाटकात उभं राहायचं चाललं होतं, त्यामुळे जरा जास्तच लागलं. पण आईने स्टेटस बघितलं आणि विचारलं, तुला आठवतंय का गं तू त्यांना पाहिलंयस ते? म्हटलं हो, टीव्हीवर. तर म्हणाली, टीव्हीवर नाही, गडकरीला, व्यक्ती आणि वल्ली, पुलं झाले होते ते त्यात, तू होतीस की बरोबर.

आणि मला खरंच काही आठवेना. म्हणजे गडकरी रंगायतन आठवतं, मध्यंतरातला बटाटावडा आठवतो, मी फुगून बसले होते कारण मैत्रिणीचा वाढदिवस सोडून मला आणलं होतं हेही आठवतं. स्टेजवरचं शून्य. माणूस माझ्यापासून पंधरावीस फुटांवर पुलं होऊन उभा होता आणि मी वड्याची चटणी लक्षात ठेवली. आणि आता स्टेटस ठेवतेय. ते मग मी काढूनच टाकलं, बासष्ट लोकांनी बघून झालं होतं तोवर.

आपल्याकडे एक गंमत आहे, जो आवडतो त्याला आपण एकेरीत घेतो. परचुरे 'ते', डॉ. लागू 'ते', पण लक्ष्या तो लक्ष्याच, लक्ष्मीकांत बेर्डे असं घरात कुणी म्हणत नाही. माझ्या मुलाला, वय सहा, लक्ष्या गेलाय हे माहीतच नाहीये. तो गेला १६ डिसेंबर २००४ ला, पन्नाशीचा, याच्या जन्माच्या किती आधी. पण अशी ही बनवाबनवी आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी लागतोच, त्यामुळे चिरंजिवांनी मागे एकदा विचारलं होतं की लक्ष्या कुठे राहतो, आपण जाऊया का. मी म्हटलं मुंबईत राहायचा. 'राहायचा' त्याच्या लक्षात आलं नाही आणि मीही पुढे काही बोलले नाही. आता विचार केला तर त्या एका सिनेमातले किती गेले, लक्ष्या, सिद्धार्थ रे, सुधीर जोशी, नयनतारा. पण दुपारी चार वाजता सगळे हजर. सिनेमावाल्यांचं बरंय, जातात पण जात नाहीत.

नाटकवाल्यांचं तसं नाही. हे मी म्हणत नाहीये, हे आई म्हणाली आज गच्चीवर. सोसायटीची कोजागिरी होती, खाली अंताक्षरी चाललेली, आम्ही दोघी पाण्याच्या टाकीजवळ ग्लास घेऊन बसलो होतो. परचुरेंवरून पुलं, पुलंवरून ती तिच्या आवडत्या विषयावर आली. भक्ती. भक्ती बर्वे.

हे नाव आमच्या घरात कसं घेतलं जातं ते सांगायला हवं. फेब्रुवारी २००१, मी आठवीत. सकाळची शाळा, आई डब्याच्या पोळ्या करत होती आणि बाबा पेपर उघडून एकदम गप्प झाले, मग म्हणाले अगं भक्ती बर्वे गेली. वाईला पुलंवरचाच कार्यक्रम करून परत येताना एक्स्प्रेसवेवर, भाताण बोगद्याजवळ अपघात. १२ तारीख होती आदल्या दिवशी. एक्स्प्रेसवे तेव्हा नवाकोरा, आम्ही त्याच्यावरून एकदाच गेलो होतो आणि बोगदे आले की ओरडलो होतो. आईने गॅस बंद केला. पोळी तव्यावरच. पदराला पीठ तसंच आणि ती रडायलाच लागली, अशी की मी घाबरले. तिचे सख्खे मामा गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती, हे मी आठवीतसुद्धा नोंदवून ठेवलं होतं. बाबा बिचारे म्हणाले, अगं कोण लागते ती तुझी? त्यावर आईने त्यांच्याकडे जे बघितलं ते बघून ते अंघोळीलाच गेले. मला त्या दिवशी डब्यात बिस्किटं होती.

जेमतेम आठ महिने आधी, १२ जून २००० ला, पुलं गेले होते. पुलंनी लिहिलेल्या ती फुलराणीत ती मंजुळा, फुलं विकणारी, आणि शेवटी त्यांच्यावरचाच कार्यक्रम करून निघालेली. आई म्हणते पुलंनी बोलावून घेतलं. मला असलं बोलणं आवडत नाही, पण आज गप्प बसले.

मी स्वतः भक्ती बर्वेला ओळखते ती जाने भी दो यारों मधली शोभा सेन म्हणून. आईला ते पटतच नाही. तिच्या लेखी तो सिनेमा म्हणजे भक्तीचा जोडधंदा. खरी भक्ती दोन ठिकाणी, एक दूरदर्शनवर बातम्या सांगताना, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, आणि दुसरी ती फुलराणीत. नाटक आलं १९७५ ला, आईने पाहिलं त्यानंतर दोनेक वर्षांनी, शिवाजी मंदिरला, टेलिफोन ऑफिसातल्या चार मैत्रिणींबरोबर रविवारी दुपारी. बाल्कनी. सतीश दुभाषी प्रोफेसर. आईला त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या बाईने माळलेला अबोलीचा गजरा पण आठवतो. मला चटणी, तिला गजरा, पण तिला गजऱ्याबरोबर अख्खं नाटकही आठवतं.

मग मला हुशारी सुचली. म्हटलं थांब, यूट्यूबवर असेल की. आणि सापडलं, ते सुप्रसिद्ध स्वगत, प्रोफेसरला धडा शिकवण्याचं. चित्र धुरकट, आवाज डब्यातून आल्यासारखा, पण भक्तीच. मी एकदम खूश, फोन टाकीला टेकवून ठेवला. आईने शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, असं नव्हतं.

म्हणजे?

असं नव्हतं गं. इथे ती कॅमेऱ्याशी बोलतेय. तेव्हा ती आमच्याशी बोलत होती, वर, बाल्कनीत. आणि हे फार भराभर झालं. तिथे ती थांबायची, लोक हसून संपेपर्यंत थांबायची आणि मग बरोब्बर हसू विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायची. इथे कुणी हसतच नाहीये तर ती थांबणार कशासाठी?

याच्यावर मी काय बोलणार. मी म्हटलं नंतर अमृता सुभाषने केलं, हेमांगी कवीने केलं, तेही नाही पाहिलंस तू. तर म्हणाली चांगलंच केलं असेल त्यांनी, मला नको. आणि मग, त्या शिवाजी मंदिरात त्या दिवशी होतो ते आम्ही पाचजणी, त्यातल्या दोघी गेल्या, एक मुलाकडे न्यूजर्सीला, एकीला आता ऐकू येत नाही. एवढं बोलून तिने दुधातला पिस्ता बोटाने काढून खाल्ला.

एक आठवलं म्हणून लिहून ठेवते. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ते जायच्या आधीच सगळीकडे बातमी फिरली, आमच्या ग्रुपवर तर श्रद्धांजली वाहून झाली, मग घरच्यांना सांगावं लागलं की अहो ते आहेत. खरे गेले २६ ला. तेव्हा परत श्रद्धांजली वाहायला लोकांना जरा ओशाळल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा मेसेज कमीच आले. आईने दोन्ही वेळा काही लिहिलं नव्हतं. ती ग्रुपवर गुड मॉर्निंग सोडून काही लिहीतच नाही.

तर गच्चीवर. मी म्हटलं बरं मग कसं होतं, करून दाखव. नाही नाही म्हणता उठली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, एका हातात रिकामा ग्लास. खाली अंताक्षरीत 'य' वरून भांडण चाललेलं. तिने डावा हात कमरेवर ठेवला, मान जराशी उजवीकडे टाकली, हनुवटी वर, आणि थांबली. नुसतीच थांबली. बोलली काहीच नाही, म्हणाली शब्द नाही बाई आठवत आता, पण उभी अशी राहायची.

आणि मी बघतच राहिले, कारण ती पोज मी रोज बघते. दूधवाल्याने पाणी घातलं की आई अशी उभी राहते. बाबा पासबुक हरवून आले की अशी. शाळेत माझ्या बाईंशी भांडायला आली होती तेव्हाही अशीच, डावा हात, मान, आणि बोलायच्या आधी ते थांबणं, ज्याला आम्ही अख्खं घर घाबरायचो. मला इतकी वर्षं वाटायचं ही आजीची लकब. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणते, छे, तुझी आजी कधी अशी उभी राहिली नाही, तिची हिंमत होती का.

तेवढ्यात खालून चिरंजीव ओरडत आले की आमची टीम हरली आणि चीटिंग झाली. एक हात कमरेवर होता. डावा का उजवा ते अंधारात दिसलं नाही.