चांदीची खोली: मुधोळ पिल्लू, पिंजरा आणि चौदा आठवडे

१२ जून
चांदी, आमचं मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याचं पिल्लू, काल मुधोळकडून घरी आली. तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रात नाव लावून ठेवलं होतं, पण त्याआधीच गावातल्या एका पाळणाऱ्याकडची ही मिळाली. वय दहा आठवडे, रंग फिकट भुरा, पाय अंगापेक्षा लांब. पिंजरा इथल्या, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून आधीच करून आणलाय: ४२ इंच लांब, २८ रुंद, ३४ उंच. मोठी झाल्यावर आत उभी राहील, वळेल, पाय ताणून झोपेल असा हिशेब धरला. आत्ता एवढी जागा तिला फार होते. एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात मुतायला मोकळीक मिळते, म्हणून मध्ये फळी घालून निम्मा बंद केलाय.

आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "कोंबड्या पाळणार हाईस काय? खुराडं कशाला हे?"

त्यांचं म्हणणं उडवून लावावं असं नाही. खानापूरकडच्या आमच्या घरात कुत्री सोप्यात झोपली, कुणी कधी कोंडली नाहीत. त्यात ही घोरपडे संस्थानिकांनी शिकारीसाठी जोपासलेली धावणारी जात. स्वीडनमध्ये तर घरात कुत्रं पिंजऱ्यात कोंडून ठेवायला कायद्याने मनाई आहे. तरी मी करून बघतोय, कारण आमचं घर रस्त्याला लागून आहे आणि रात्री फाटक उघडं राहिलं तर हे पिल्लू परत दिसायचं नाही.

१४ जून
जाळी चुकली. दोन इंची घेतली होती. मुधोळचं तोंड निमुळतं, ते थेट जाळीतून बाहेर आलं आणि खालचा जबडा तारेला अडकला. मी समोरच होतो म्हणून वाचली. आजच एक इंची जाळी बसवून घेतली आणि वेल्डिंगची टोकं ग्राइंडरने घासून घेतली. पिंजरा करून घेणार असाल तर घरी नेण्याआधी आतून सगळीकडे तळहात फिरवून बघा. गळ्यातला पट्टाही आत जाताना काढायचा, तो तारेत अडकून फास बसू शकतो.

१८ जून
दार अजून एकदाही लावलेलं नाही. जेवणाचं ताट आत ठेवतो, ती आपणहून जाते. जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून, वर उकडलेलं अंडं. परवापर्यंत मागचे पाय बाहेर ठेवून, मान ताणून खायची. आज चारही पाय आत होते. हुकूम एकच ठरवलाय, "खोलीत". आईला पिंजरा हा शब्द जिभेवर नको वाटत होता, तिनेच हा सुचवला. शेजारच्या आक्का मात्र फाटकातून "बा, चांदी, बा" अशी कानडीत हाक मारतात आणि ती आमच्या "ये"पेक्षा त्यांच्या "बा"ला लवकर धावते. दोन्ही हाका चालतील, पण आत जायचा शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखाच हवा, एवढं आक्कांना सांगून ठेवलंय.

२२ जून
आजचा दिवस लिहिताना हात जड झालाय. शहापूरला पाहुण्यांकडे बारसं होतं. दार लावून पाच-दहा मिनिटं शांत बसायला ती नुकती शिकली होती, आणि मी तेवढ्यावर विसंबून तिला अडीच तास कोंडून गेलो. परत आलो तर नाकावरची कातडी सोलवटलेली, पुढच्या पायाचं एक नख मुळातून तुटलेलं, वाकळेवर रक्त. आवाज बसेपर्यंत ओरडली असणार. डॉक्टरांनी पट्टी बांधली. एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्याला पिंजरा धीर देत नाही, उलट ते स्वतःला जखमा करून घेतं, हे मी वाचलेलं होतं. वाचूनही केलं. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन बसून राहिले.

२ जुलै
पुन्हा पहिल्यापासून. दहा दिवस दाराला हात लावला नाही. आता दार लावतो, पण मी शेजारी सतरंजीवर बसलेला असतो. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग तीन. ती रडायच्या आधी दार उघडायचं, सगळा खेळ त्या वेळेचा आहे. कान मागे गेले, जीभ ओठांवरून भराभर फिरू लागली की मी उठतो. या खुणा ओळखायला मला दोन आठवडे लागले. शिक्षा म्हणून तिला आत घालायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना लागू. पुतण्याची चप्पल फाडली त्या दिवशीसुद्धा नाही.

१९ जुलै
रात्रीचं जमलं. पिंजरा माझ्या खाटेला लागून आहे. पिल्लाला महिन्यांच्या वयाइतके तास, फार तर एक जास्त, लघवी धरवते हा पाळणाऱ्यांचा ठोकताळा. ती साडेतीन महिन्यांची, म्हणून अकराला झोपलो की तीनला उठतो. दिवसा एवढा वेळ कोंडायचं नाही, जागं पिल्लू झोपलेल्याइतकं धरून ठेवत नाही. या दिवसांत बेळगावच्या पावसाला खंड नसतो. मुधोळचं अंग पातळ, केस आखूड, ओल्या गवतावर पाऊल टाकायलाच तयार नाही. शेवटी पत्र्याखाली वाळूचा कोपरा करून दिला. तिथे जाते, काम उरकते आणि थरथरत सरळ वाकळेत शिरते. वाकळ आईची जुनी, चौपदरी घातलीय. या जातीच्या अंगावर चरबी नसते, कडक फरशीवर कोपरं सोलतात, तेव्हा आतलं अंथरूण जाडच हवं.

११ ऑगस्ट
सकाळी शेताच्या बांधावर लांब दोरीने तासभर पळवतो, मग अर्धा तास थांबून खायला देतो. खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पिळा पडायचा धोका असतो. एवढं पळाल्यावर दिवसभर ती झोपते, हे मला अपेक्षित नव्हतं. शिकारी कुत्रं म्हणजे सतत धावणारं, असं वाटायचं. क्षणभर वाऱ्यासारखं पळायचं आणि मग तासन्‌तास पडून राहायचं, हा त्यांचा खरा स्वभाव. दिवसा दार उघडंच असतं. सोप्यात गार फरशी मोकळी असताना ती पाचातल्या तीन वेळा खोलीतच जाऊन पडते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी
काल मिरवणुका कपिलेश्वर तलावाकडे चालल्या होत्या, ढोल आणि फटाके पहाटेपर्यंत. संध्याकाळीच पिंजऱ्यावर जाड चादर टाकली, पुढची बाजू मोकळी ठेवली, दार उघडं. पहिला मोठा आवाज झाला तशी चांदी शेपूट पोटाशी घेऊन घरभर फिरली, न्हाणीघरात जाऊन आली, आणि मग कुणी "खोलीत" न म्हणता आत गेली. नाक वाकळेत खुपसून पडली. अंग थरथरत होतं, पण बाहेर पळाली नाही, ओरडली नाही. आप्पा पाट घेऊन पिंजऱ्याच्या तोंडाशी बसले आणि दीड वाजेपर्यंत आत हात घालून तिच्या मानेवरून फिरवत राहिले.

दार काढून टाकायचं का, असं काही जणांनी विचारलंय. नाही काढणार. डॉक्टरांकडे गाडीतून नेताना आणि नसबंदीनंतर टाके भरेपर्यंत ते लागेल. पण मी घरात नसताना ते लावायचं नाही, हे पक्कं केलंय. आता दिवाळीची तयारी. फटाक्यांचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून, जेवणाच्या वेळी, रोज पाच मिनिटं. उद्यापासून सुरू.