आमची वाटचाल: आधी लेन्स, मग बॉडी

कराडला अण्णांनी स्टुडिओ टाकला तो फिल्मच्या जमान्यात. लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप. त्यांच्याकडून गल्ल्याच्या किल्लीसोबत निकॉनची ८५ एमएम १.८ डी ही फिल्मच्या काळातली लेन्सही माझ्याकडे आली. डिजिटलला निकॉनचीच २००८ ची डी९० बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली, तिच्यावर ही लेन्स झकास चालली. निकॉनची लेन्स निकॉनच्या बॉडीवर चालणारच, असं मी तिथंच धरून बसलो.

काम वाढलं तशी दुसरी बॉडी हवी झाली. निकॉनची डी५२०० हलकी, मेगापिक्सेल दुप्पट, बजेटात बसणारी. पहिल्यांदा तिला ८५ लावली ती थेट कार्यालयात. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट खाली आला, मी बटण अर्धं दाबून उभा आणि फोकस जागचा हलेना. नवरा-नवरीची ती पहिली नजरानजर माझ्याकडून धूसर आली. त्या घरच्यांना मी तसं सांगितलं आणि बिलातून पैसे कमी केले. आजही ते फोल्डर उघडवत नाही.

रात्री दोन्ही बॉड्या टेबलावर शेजारी ठेवल्या. डी९०च्या माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेला पेचकसाच्या टोकासारखी एक बारीक दांडी आहे. बॉडीतली मोटर ती फिरवते आणि तिच्यामुळे लेन्सचा फोकस फिरतो, कारण या लेन्सला स्वतःची मोटर नाही. डी५२००ला ती दांडीच नाही. निकॉनचा १९५९ पासूनचा तोच एफ माउंट, लेन्स खट्कन बसते, पण ऑटोफोकस नाही.

तिथून खरेदीची रीत बदलली. पुढं कोणती बॉडी घ्यायची ते आधी ठरवायचं, मग तिलाही चालेल अशी लेन्स आज घ्यायची, बॉडी नंतर. आमच्या दोन्ही बॉड्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या (फोटो टिपणारी पट्टी लहान). त्यांच्यासाठीची १७-५५ लेन्स मोहात पाडत होती, ती सोडून मोटरवाली, फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरला पुरणारी, २४-७० २.८ सेकंड हॅण्ड घेतली. घरात वाद झाला, आणि वाद खरा होता. क्रॉप बॉडीवर २४ एमएम म्हणजे ३६ सारखी, फोटोत कमी मावतं. दोन लगीनसराया मागं सरकत, खुर्च्या हलवत स्टेजवरचे ग्रुप काढले. पण फुल फ्रेमची डी७५० आली तेव्हा लेन्सवर एक रुपया घालावा लागला नाही. १७-५५ असती, तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाऊन २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून १० च हाती आले असते, आणि आमचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा.

पुढं मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेली, निकॉनची झेड६ टू घेतली. तिचा माउंट नवा, झेड. एफ माउंटला सेन्सरपासून ४६.५ मिलीमीटर अंतर लागतं, झेडला १६. मधली जागा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर भरतो, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर येते. उलटं जमत नाही. २४-७० तिच्यावर आजही पोटापाण्याचं काम करते. अ‍ॅडॅप्टरला ती दांडी नाही, त्यामुळे अण्णांच्या ८५ ला फोकस हातानंच.

आता आम्ही लेन्स भाड्यानंही देतो. कॅननवाल्या पोरांनाही आमचं हेच सांगणं: आरशाच्या कॅमेऱ्यांची ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरनं नव्या मिररलेस आरएफ बॉडीवर छान चालते, क्रॉपसाठीची ईएफ-एस लावली तर फुल फ्रेमचा फोटो कापला जातो, आणि कॅननच्या आधीच्या मिररलेसची ईएफ-एम आरएफवर जातच नाही. घ्यायच्या आधी स्वतःची बॉडी घेऊन या, आमच्या टेबलावर लेन्स लावून अर्धा तास फोटो काढा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.