सुमायाच्या कड्यावर जोड्या मोजताना

सुमायाच्या कड्यातल्या खडकांच्या थरांच्या जोड्या मोजून किती काळ गेला ते काढता येतं. त्यासाठी तिथे जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघा, गाडीची नंतर. दोनोस्तियाहून (म्हणजे सान सेबास्तियान) एउस्कोत्रेन ही रेल्वे स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या या गावात आणून सोडते, पुढे इत्सुरुनची पुळण चालत गाठता येते. भरतीत मात्र कड्याचा पायथा पाण्यात असतो. मी पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरलो आणि पाणी वळताच निघालो. खडकांवर शेवाळ असतं, चपला चालणार नाहीत.

थर जवळजवळ उभेच आहेत. चुनखडीचा टणक थर पुढे आलेला, मार्लचा (चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा) मऊ थर आत झिजलेला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो (परांचन) आणि तिची कक्षाही हळूहळू फिरते; दोन्ही मिळून ऋतूंवर होणाऱ्या परिणामाची एक फेरी सुमारे 21 हजार वर्षांची. ऋतू तीव्र झाले की जमिनीवरची जास्त माती समुद्रात येते आणि मार्ल बनतो. चुनखडी-मार्लची एक जोडी म्हणजे एक फेरी.

टेप थरांना काटकोनात धरा. पुळणीच्या कडेने तिरका धरलात तर जाडी फुगते. मध्येच बारीक रेतीच्या पट्ट्या लागतात: तळ धारदार, बोटाला खरखरीत. त्या समुद्रतळावरून घसरत आलेल्या गढूळ प्रवाहांच्या, काही तासांत किंवा दिवसांत साचलेल्या. त्या जोडीत धरू नका.

जोड्या साधारण पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, कारण कक्षेची विकेंद्रता (लंबगोलपणा) सुमारे 1 लाख वर्षांनी कमी-जास्त होते. कक्षा गोलाकडे झुकली की परांचनाचा जोर ओसरतो, थर फिकट होतात आणि गठ्ठ्याच्या कडेची जोडी हमखास नजरेतून सुटते. माझा पहिला गठ्ठा चारचाच भरला. म्हणून 20 जोड्यांच्या आसपासचा मोठा गठ्ठाही तपासायचा. हे 4 लाख 5 हजार वर्षांचं चक्र शुक्र आणि गुरू यांच्या कक्षांमुळे येतं आणि सगळ्यांत भरवशाचं तेच.

कड्यावर सेलँडियन (सुमारे 6 कोटी 16 लाख वर्षांपूर्वी) आणि थॅनेशियन (5 कोटी 92 लाख वर्षांपूर्वी) या भूशास्त्रीय कालखंडांची सुरुवात जगभरासाठी ठरवून देणाऱ्या खुणा ठोकलेल्या आहेत. पहिली सोपी: फिकट चुनखडी संपून लाल मार्ल सुरू होतो तिथेच. पण त्यांच्या वयांवरून स्वतःची मोजणी पडताळू नका, ती वयं ठरवताना याच थरांची मोजणी वापरली आहे.

कड्याच्या अल्गोरी नावाच्या भागाकडे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, डायनासोर संपले तेव्हाची काळसर चिकणमातीची पातळ रेघ आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण त्याच सुमाराचा. मात्र घाटातल्या पायऱ्या अशा मोजता येत नाहीत, लाव्हा ठरावीक अंतराने येत नव्हता.

हातोडा खोलीवरच ठेवा. किनारा संरक्षित आहे.