आई, मावशी आणि मी : मोटरहोमने टास्मानिया

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट हे ठरलेलंच असतं, मीही सुरुवातीला तेच बघत होते. पण आई 69 ची, मावशी 66 ची, दोघींचे गुडघे दुखरे, आईला पहाटे साडेपाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो आणि मावशीला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. रोज नवीन हॉटेल, रोज बॅगा भरायच्या आणि उपसायच्या, बस सुटेल म्हणून पळायचं, हे त्यांना झेपणारं नव्हतं. मग विचार केला की ओटा, पलंग आणि बाथरूम तिन्ही बरोबरच नेलं तर? म्हणजे मोटरहोम, आत घरच असलेली गाडी.

टास्मानियाच का, तर आकार. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे सगळं बेट महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान, होबार्ट ते लॉन्सेस्टन ही तिथली दोन मोठी शहरं, त्यांच्यात जेमतेम 200 किलोमीटर, म्हणजे रोज दोन-अडीच तास चालवलं तरी भागतं. माणसंही साडेपाच लाखांच्या जरा वर, आपल्या एका ठाणे शहरात 2011 च्या जनगणनेलाच 18 लाख होती! आणि गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, आपल्यासारखीच, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिजिटर व्हिसा म्हणजे सबक्लास 600, अर्ज ऑनलाइन, मग बायोमेट्रिक. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटसाठी एका एजंटने पाच हजार सांगितले, सरकारी फी 1000 आहे. फॉर्म 4ए, लायसन, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट, बस. परिवहनच्या साइटवर मी ऐरोलीत घरी बसून स्वतः भरला. परमिट एक वर्ष चालतं, त्यामुळे घाईने आधीच काढून ठेवू नका. मोटरहोमला वेगळं लायसन लागत नाही, साडेचार टनांपर्यंतची गाडी तिकडे कारच्याच लायसनवर चालते. मात्र गाडी घेताना क्रेडिट कार्डवर मोठी रक्कम ब्लॉक करतात, कार्डाचं लिमिट आधी वाढवून घ्या.

खायच्या सामानाचं नीट वाचा. कंदी पेढे, बर्फी, दुधाची कुठलीच मिठाई ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. भाजणी, मेतकूट, पोहे आम्ही पॅकबंद नेले आणि विमानातल्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे सरळ 'हो' लिहिलं, त्यांनी उघडून बघितलं आणि सोडलं. फसलो ते पुढे. मेलबर्नच्या विमानतळावर मावशीने दोन सफरचंदं घेतली आणि होबार्टला उतरल्यावर कळलं की ताजी फळं बेटावर आणताच येत नाहीत, मेलबर्नचीसुद्धा नाहीत. "अगं, इथलीच तर आहेत," मावशी म्हणत राहिली, पण कचऱ्याच्या डब्यात टाकावीच लागली. बेटावर बाहेरची कीड येऊ नये म्हणून हे एवढं जपतात, सफरचंदाच्या बागा हीच त्या बेटाची जुनी ओळख आहे.

गाडी हातात देताना तासभर सगळं समजावतात, तेव्हा लाजू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाण्याची टाकी कुठून भरायची, सांडपाण्याचा पाइप कुठे लावायचा, गॅस कधी बंद ठेवायचा. मायक्रोवेव्ह फक्त पॉवर्ड साइटवर, म्हणजे विजेची सोय असलेल्या मुक्कामाच्या जागी, बाहेरची वायर जोडली तरच चालतो, शेगडी मात्र गॅसची, त्यामुळे चहा कुठेही. पहिल्याच वळणावर कपाटाची कडी नीट न लागल्याने स्टीलचा डबा खाली आला आणि पोहे गाडीभर झाले, त्यानंतर निघण्याआधी आई प्रत्येक कडी हाताने ओढून बघायची.

आणि टॉयलेटचं बोलायलाच हवं कारण कोणी बोलत नाही. बाहेरच्या बाजूने एक छोटं दार असतं, त्यातून कॅसेट म्हणजे मैल्याची टाकी ओढून काढायची, ती चाकांवर सुटकेससारखी ओढत डंप पॉइंटवर, म्हणजे ती रिकामी करायच्या ठरलेल्या जागी न्यायची, ओतायची, तिथल्या नळाने विसळायची, औषध घालून परत बसवायची. तो नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो, आपला पाइप तिथे लावायचा नाही. पहिल्या दिवशी मला कसंतरी झालं, तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांचं काम.

अंधारात चालवू नका. लहान कांगारूसारखी वॉलबी, छोट्या अस्वलासारखा वॉम्बॅट, ही जनावरं संध्याकाळीच रस्त्यावर येतात, पिवळ्या पाट्या जागोजागी आहेत, आणि सकाळी रस्त्याकडेला मेलेली जनावरं बघून पोटात तुटतं. आम्ही एप्रिलच्या शेवटी गेलो होतो, साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, चारलाच गाडी लावायचो.

क्रेडल माउंटनला मोटरहोम खाली व्हिजिटर सेंटरला ठेवून पार्कची शटल बस घ्यायची. डोंगर 1545 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा, पण डव्ह लेकच्या काठावर उभं राहिलं की मान वर होते. तिथे काचेचा निवारा केलाय, दोघींना आत बसून सगळं दिसलं. त्या दिवसांत फॅगस या तिथल्या झाडाची पानं पिवळी-तांबूस होतात, एवढंसं पान, घड्या घातलेल्या पंख्यासारखं. परतताना रॉनी क्रीकला उतरलो, सपाट लाकडी वाट आहे. दहा पावलांवर एक वॉम्बॅट गवत खात होता, मान वर न करता, चरण्याचा आवाज येत होता. आई काठीवर दोन्ही हात ठेवून वीस मिनिटं उभी होती. गुडघा दुखतोय असं एकदाही म्हणाली नाही.

शेवटचे दोन दिवस ब्रूनी आयलंड, म्हणजे बेटाच्या पोटचं बेट. केटरिंगहून फेरीवर गाडीसकट चढायचं, वीसेक मिनिटांत पलीकडे. 'द नेक' या चिंचोळ्या पट्टीवर दोन्ही बाजूंना समुद्र. वर जायला भरपूर लाकडी पायऱ्या, मी एकटीच गेले. वर ट्रुगॅनिनीचं नाव दिलेली जागा आहे, ती याच बेटावरच्या न्यूनोन या आदिवासी लोकांमधली, 1876 मध्ये वारली. तिच्या लोकांचं काय झालं ते वाचल्यावर मी वर बराच वेळ बसून राहिले. खाली आले तर गाडीचं दार उघडं, आलं किसल्याचा वास, आणि दोघी पायरीवर शाल गुंडाळून समुद्राकडे बघत बसलेल्या.

परत द्यायच्या सकाळी आईने ओटा पुसला, शेगडीचं बटण बंद आहे ना ते बघितलं, बाहेर आली, आणि ठाण्याचं घर बंद करताना करते तशी पुन्हा एकदा आत जाऊन बघून आली.