'न' कुठे गेला? (कार्ड ९१ ते १४८)

मंडळी, शब्दांची मुळं शोधून एकेका कार्डावर टिपून ठेवायचा माझा छंद; मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ९० कार्डं होती, आता १४८ झालीत. वेग मंदावलाय आणि त्याला एकच अक्षर जबाबदार आहे: न.

सुरुवात अंपायरपासून झाली. मॅच बघता बघता सहज कोश उघडला, तर मूळ निघालं जुन्या फ्रेंचमधलं 'नॉनपेर'. पेर म्हणजे बरोबरीचा, नॉनपेर म्हणजे जोडीत न बसणारा. दोघं भांडतायत आणि निवाड्याला तिसरा बोलावलाय, तो हा. इंग्रजीत आला तेव्हा त्याला न होता, 'अ नूम्पेर' असं म्हणत. पण ऐकणाऱ्यांनी ते 'अ‍ॅन ऊम्पेर' असं तोडलं आणि न शेजारच्या घरात राहायला गेला. मराठीत 'अ' आणि 'अ‍ॅन'ची भानगडच नसल्यामुळे असली चोरी माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली.

मग चटकच लागली. एप्रन मूळचा 'नॅप्रन'. त्याच्या घरातल्या नॅपकिनने मात्र आपला न सांभाळला. दोघांच्या मुळाशी लॅटिनमधलं 'मापा', म्हणजे फडकं. नकाशाचा मॅपही त्यातलाच, कारण नकाशे कापडावर काढले जायचे. अ‍ॅडर हा विषारी साप जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे' होता. जर्मनमध्ये अजून 'नाटर' म्हणतात. उलटी चोरीही सापडली. निकनेम आधी 'ईकनेम' होतं, ईक म्हणजे जादाचं. 'अ‍ॅन ईकनेम'मधला न त्याने उचलला आणि परत केलाच नाही.

आता चुकीची कबुली. याच गठ्ठ्यात मी ऑरेंज घातलं होतं. घालणारच ना! संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, आपली नारिंगी, सगळ्यांना न आहे आणि इंग्रजीलाच नाही. मोठ्या ऐटीत कार्डावर 'अ नॉरेंज' लिहिलं, हिरवी खूणही केली. (माझ्याकडे हिरवी खूण म्हणजे जुने दाखले पाहिले, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह म्हणजे नुसती गोष्ट ऐकली.) खूण आधी केली आणि दाखले नंतर बघायला गेलो. तिथे कळलं की हा शब्द इंग्रजीत पोचण्याआधीच, फ्रेंच-इटालियन वळणावर, न गमावून बसला होता. इटालियनमध्ये तो 'अरांचा' आहे, म्हणजे चोरी तिकडची. स्पॅनिश 'नारांखा'ने न राखला आणि पोर्तुगिजांनी त्याचा ल करून 'लारांजा' केलं. हिरव्या खुणेवर लाल काट मारली आणि कार्ड वेगळ्या कप्प्यात टाकलं. सलग जुळणारी गोष्ट दिसली की आता हात जरा आखडता घेतो.

त्याच धास्तीने 'पॉश' काढून टाकलं. भारतात येणाऱ्या बोटीवर जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीची केबिन, त्या इंग्रजी शब्दांची ('पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम') आद्याक्षरं म्हणजे पॉश, ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. ती अक्षरं छापलेलं एकही तिकीट कोणाला मिळालेलं नाही. गोष्ट झकास आहे, पण कार्ड रद्द.

मोंगूसचं कार्ड मात्र डोळे मिटून हिरवं. मराठी मुंगूस पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेलं आणि तिथल्या लोकांनी शेवटी हंसाचा 'गूस' चिकटवला. अनेकवचन तरी 'मोंगूसेस'च, 'मोंगीस' नाही. मुंगसाचा हंसाशी काय संबंध?

सध्या टेबलावर 'ऑगर' आहे, भोकं पाडायचं हत्यार, गिरमिटाचा थोरला भाऊ. हाही न हरवलेला. जुन्या इंग्रजीत 'नाफोगार', त्यातला 'नाफू' म्हणजे चाकाचा तुंबा (चाकाचा मधला भाग) आणि 'गार' म्हणजे भाला. तुंब्यात आसासाठी भोक पाडणारा भाला! आणि या नाफूचा सख्खा नातलग म्हणजे आपली 'नाभी'. संस्कृतात नाभी म्हणजे बेंबीही आणि चाकाचा तुंबाही. इंग्रजांच्या सुताराने न हरवला, तो आपल्या पोटावर शाबूत आहे. या कार्डावर जागा पुरेना, मागे दुसरं कार्ड टाचणीने लावलंय.